पकडा, काढा, काखेत धरा, फेका

माझ्या उजव्या हाताची दोन बोटं माझ्या मुलीनं मोडली आणि त्याबद्दल कंपनीनं माझा सत्कार केला. दोन्ही गोष्टी एकाच दिवशी, फरीदाबादच्या आमच्या कारखान्यामागच्या मैदानावर, समस्त स्टाफच्या कुटुंबांसमोर घडल्या.

नव्वदीचं दशक होतं. आमच्या गिअरच्या कारखान्यात अमेरिकन भागीदार आला आणि त्याच्यामागोमाग कॅन्टीनमध्ये कॉफीचं मशीन, शौचालयात कागद आणि एक भलंमोठं खोकं आलं. खोक्यात बेसबॉलचे बारा ग्लोव्ह, चेंडू आणि दोन बॅटी होत्या. फॅमिली डेला आमच्या कॉलनीतली मुलं गाझियाबादच्या कारखान्यातल्या मुलांशी खेळणार, असं अमेरिकन साहेबांनी ठरवलं होतं. मॅनेजर खुरानासाहेब खोकं घेऊन थेट माझ्या टेबलाशी आले.

"कुलकर्णी जी, आप सिखाओगे. आप महाराष्ट्र वाले तो क्रिकेट घुट्टी में पीते हो."

"सर, ये क्रिकेट नहीं है."

"बॉल है ना? बस."

मी क्वालिटी कंट्रोलमध्ये होतो. पंधरा वर्षं इतरांच्या मालातल्या चुका काढणाऱ्या माणसाच्या तोंडून 'मला येत नाही' हे वाक्य निघत नाही. मी हो म्हणालो.

घरी सांगितलं तर सई म्हणाली, "बाबा, मला घ्याल टीममध्ये?"

अनघाचं, म्हणजे माझ्या बायकोचं, लाटणं पोळीवरच थांबलं. सई नऊ वर्षांची होती आणि कित्येक महिन्यांत न अडखळता बोललेलं तिचं ते पहिलं पूर्ण वाक्य होतं.

ती का अडखळायची, हे सांगणं माझ्या सोयीचं नाही, पण सांगतो. सई जन्मापासून डावरी. आमच्याकडे डाव्या हातानं कोणी काही घेत नाही, देत नाही, जेवत तर मुळीच नाही. इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीत तिनं प्रसादाला डावा हात पुढे केला आणि चार माणसांनी माझ्याकडे बघितलं. दिल्लीकडे येऊन यानं पोरीला वळण लावलं नाही, असं ते बघणं होतं. तेव्हापासून ती लिहायला बसली की मी तिचा डावा हात माझ्या रुमालानं खुर्चीच्या दांडीला बांधायचो. (सैल बांधायचो. याला मी माझा प्रेमळपणा समजत असे.) वर्षभरात अक्षर उजव्या हाताचं झालं आणि जीभ अडखळायला लागली. डॉक्टरांना मी सगळं सांगितलं, रुमाल सोडून.

तर तिला टीममध्ये घेतलं. निदान एवढं तरी मला तिच्यासाठी नीट करायचं होतं.

ग्लोव्ह कुठल्या हातात घालायचा, हा प्रश्न मला पडलाच नाही. ग्लोव्हनं चेंडू घ्यायचा असतो, आणि घ्यायचं ते उजव्या हातानं. मी बाराही मुलांना उजव्या हातात ग्लोव्ह चढवायला लावले.

"अंकल, अंगूठा कहाँ डालूँ?" शेजारच्या गुप्तांचा बंटी म्हणाला. "यहाँ तो छोटी उंगली की जगह है."

"नया माल है. पहनते-पहनते खुल जाएगा."

बारांपैकी एकच ग्लोव्ह वेगळा होता, इतरांच्या नेमका उलटा शिवलेला. अकरा एकसारखे आणि एक वेगळा, म्हणजे दोष कुठे आहे हे क्वालिटीवाल्याला कोणी सांगावं लागत नाही. तो रिजेक्टेड पीस मी सईला दिला, कारण कोचच्या मुलीनं चांगला माल उचलू नये. तिच्या उजव्या हातात तो चपखल बसला. तिचं नशीब, असं म्हणून मी पुढे गेलो.

पुढची अडचण अशी की उजव्या हातात ग्लोव्ह असताना चेंडू फेकायचा कसा? डाव्यानं फेकणं माझ्या हयातीत शक्य नव्हतं. मी विचार करून चार पायऱ्यांची पद्धत बसवली. पकडा, काढा, काखेत धरा, फेका.

"बाबा, काख म्हणजे?" सईनं विचारलं.

"बगल."

"अच्छा. पण ड-डाव्या हातानं पटकन होईल."

"सई."

"ठीक आहे."

वीस दिवस रोज संध्याकाळी बारा मुलं माझ्या तालावर ग्लोव्ह काढून काखेत धरत होती. येणारेजाणारे थांबून बघत. मला वाटायचं, कौतुकानं बघतायत.

फॅमिली डे उजाडला. गाझियाबादच्या मुलांनी ग्लोव्ह डाव्या हातात घातले होते. मला त्यांच्या कोचची कीव आली.

या खेळात चेंडू टोलवणारा मुलगा मैदानाचे चार कोपरे धावत पार करतो, आणि त्याच्या आधी चेंडू कोपऱ्यावर पोचवायचा असतो. पहिला टोला बंटीकडे आला. त्यानं चेंडू अडवला, ग्लोव्ह काढला, काखेत धरला आणि शिकवल्याबरहुकूम फेकला. तोवर त्यांचा मुलगा चारही कोपरे फिरून पाणी पीत होता. दुसऱ्या टोल्याला तेच, तिसऱ्यालाही तेच. मग मुलं घाईनं चेंडू काखेत धरून ग्लोव्ह फेकायला लागली. खुर्च्यांवरच्या आया हसायच्या थांबल्या. बंटी मैदानावर उभ्याउभ्या रडत होता. अमेरिकन साहेब चष्मा काढून पुसत होते.

मग चेंडू सईकडे आला. तिनं तो टिपला, आधी काखेकडे बघितलं आणि मग माझ्याकडे. ती काय करणार हे बाप म्हणून मला कळलं. तिला थांबवायला मी पहिल्या कोपऱ्याकडे धावलो आणि कुठला हात ते नीट कळावं म्हणून माझा उजवा हात उंच धरून ओरडलो, "सई, हा हात! हा!"

तिचा डावा हात सुटला. चेंडू सरळ कोपऱ्याकडे आला. मधे माझा हात होता.

अनघानं माझाच रुमाल घेऊन बोटं बांधली. सैल बांधली नाहीत. "आता पुरे," एवढंच ती म्हणाली, आणि ते बोटांबद्दल नव्हतं. अमेरिकन साहेब सईकडे गेले, तिच्या पाठीवर थाप मारली, मग रडणाऱ्या बंटीचा ग्लोव्ह काढून हळूच त्याच्या डाव्या हातात चढवला. अंगठा बरोबर जागी गेला आणि फेकायला उजवा हात मोकळा राहिला. खुरानासाहेब माईकवरून म्हणाले, "साहब कह रहे हैं, पूरी टीम में एक ही बच्ची को सही सिखाया गया है. तालियाँ, कुलकर्णी जी के लिए." गळ्यात हार पडला. मला त्या बोटांपेक्षा त्या टाळ्या जास्त लागल्या.

प्लास्टर सहा आठवड्यांचं होतं. दुसऱ्या दिवशी दुपारी मी डाव्या हातानं वरणभात जेवायला बसलो. निम्मा भात शर्टावर सांडला. उजवा हात सवयीनं सारखा ताटाकडे जायचा आणि प्लास्टर वरणात बुडायचं. सई समोर बसून बघत होती. मग उठली आणि माझा धुतलेला रुमाल घेऊन आली.

"बाबा, तो हात खुर्चीला बांधून देऊ? मग मधे मधे येत नाही. थोडे दिवस रडू येतं, मग सवय होते."

ती एकदाही अडखळली नाही. आवाजात टोमणा नव्हता. टोमणा असता तर मी रागावू तरी शकलो असतो. मी मुकाट्यानं प्लास्टर पुढे केलं.

तिनं डाव्या हातानं सफाईनं गाठ मारली आणि माझ्या खांद्यावर थोपटलं.

"सैलच बांधलाय, बाबा."

क्वालिटीवाल्यानं गाठ ओढून पाहिली. सैल मुळीच नव्हती.