आत्याने काढलेला रस्ता

माझी आत्या साधी चालायला निघाली तरी भांडायला निघाल्यासारखी दिसायची. पदर खोचलेला, मोबाइल कमरेला, नजर समोर. ती चालेल तसा मोबाइलवर तिचा माग उमटायचा आणि घरी येऊन त्यावरून ती इंटरनेटवरच्या नकाशात रस्ता काढायची. या नकाशात कुणीही भर घालावी, कुणीही बदल करावा. आत्या त्यात इतकी रमली की चुडाव्याकडच्या शिवारात तिला सगळे नकाशाआत्याच म्हणू लागले.

शेतातल्या घराला आमच्याकडे आखाडा म्हणतात. आत्याच्या आखाड्याभोवती बरीच घरं झाली होती, पण नकाशात तिथे नुसता हिरवा रंग. आत्याच्या यजमानांना, म्हणजे आमच्या मामांना, साप चावला तेव्हा दवाखान्याची गाडी वाट शोधत फाट्यावरच घुटमळत राहिली. मामा गेले. दिवसपाणी उरकल्यावर आत्याने मला पूर्णेहून बोलावून घेतलं आणि मोबाइल पुढे केला. "आमी हितं जितीजागती माणसं हाव, अन् ह्यात नुसतं हिरवं दाखवायलाय. कसं काढतेत, शिकीव मला."

ती शिकली. विहिरी, हापसे, घरं, सगळं नकाशात चढलं. जनावरांचा डॉक्टर कुणाला न विचारता गोठ्यात येऊ लागला. गॅसची टाकी दारात उतरू लागली. त्या दिवसांत आत्याचा तोरा बघण्यासारखा होता.

मग घोटाळा झाला. उन्हाळ्यात रानं मोकळी पडली की आमचे लोक सरळ शेतांतून जातात. पेरणी झाली की ती वाट मोडते आणि दोन्हीकडच्या बांधांमधून जाणाऱ्या लांबच्या पांदण रस्त्याने जावं लागतं. हे आमच्याकडे पोराबाळांनाही ठाऊक, म्हणून ते नकाशात लिहावं हे आत्याला सुचलंच नाही. तिने चैत्रात चालून काढलेली वाट श्रावणात एका परक्या ड्रायव्हरने खरी मानली. शेजारच्या रेखाला कळा सुरू झाल्या होत्या. तिला घेऊन निघालेली गाडी सोयाबीनमधल्या काळ्या चिखलात रुतली आणि रेखा गाडीतच बाळंत झाली. मायलेक वाचले, ही देवाची कृपा.

पारावर गाव जमलं. ज्याच्या रानात गाडी रुतली तो शेतकरी सगळ्यात वरच्या पट्टीत बोलत होता. शेतातली वाट पुसा, पांदण रस्त्याचं नावही काढू नका, सगळा आखाडाच नकाशातून काढून टाका, असं त्याचं म्हणणं. मी आत्याला डोळ्यांनी गप्प बस म्हणत होते. ती कसली गप्प बसते! आधी ती रेखाच्या सासूपुढे गेली आणि हात जोडून माझं चुकलं म्हणाली. मग त्या शेतकऱ्याकडे वळली. "चुकलं ते नीट करीन. पुसणार न्हाई. पुसलं तर आमचे मालक फुकट गेले."

दुसऱ्या दिवशी भर पावसात ती पांदण रस्त्याला लागली. मोबाइल प्लास्टिकच्या पिशवीत, मागे छत्री घेऊन मी. वरून पाऊस झोडपत होता, पण पायाखाली मुरूम टणक होता. तो लांबचा रस्ता तिने चालून नकाशात काढला आणि शेतातल्या वाटेवर लिहिलं, 'फक्त उन्हाळ्यात'.

पुढे एका पावसाळ्यात आत्याच्याच छातीत कळ आली. गाडी कुणालाही न विचारता पांदण रस्त्याने थेट दारात आली. स्ट्रेचरवर पडल्या पडल्या तिने ड्रायव्हरला विचारलं, वाट कुणी दाखवली. त्याने मोबाइल पुढे केला. आत्या माझ्याकडे बघून हसली. "बघ, पुसलं न्हाई ते बरं झालं."

ती परत आली नाही. मला तिची फार आठवण येते.

वर्षश्राद्धाला आखाड्यावर गेले, मोबाइल उघडला, तर नकाशातला पांदण रस्ता कुणीतरी पुसलेला. कुणी पुसला ते विचारायची गरज नव्हती. पारावर ओरडणाऱ्या त्या शेतकऱ्याने दरसाल बांध कोरत निम्मा रस्ता आपल्या रानात घेतला आहे. मी पदर खोचला, मोबाइल कमरेला लावला आणि तो दारात उभा असताना त्याच्या समोरून चालत गेले. रस्ता परत नकाशात आहे. त्याने पुन्हा पुसावा. मला चालता येतं.