आतला तुकडा

बाजारामागच्या गल्लीत दोन भावांचं मटणाचं दुकान होतं, आणि त्यातला सुरा चालवणारा धाकटा भाऊ स्वतः मटण खात नव्हता. एकोणीस वर्षं झाली होती. लोक त्याला 'पालक' म्हणत, भाजीतला पालक. मुलीच्या शाळेत सभेला गेला असताना बाईंनी "कुणाचे पालक आलेत?" असं विचारलं, तेव्हा मागे बसलेली त्याची चार गिऱ्हाइकं फिसकन हसली. हा उठून उभा राहिला आणि म्हणाला, "आलोय बाई, अगदी ताजा आहे." जो स्वतःच असं बोलतो त्याला चिडवून मिळणार काय? नाव तेवढं कायमचं चिकटलं.

हात मात्र असा, की बघत राहावं. हुकावरून बकरा उतरवला की अंगठ्याने मांडी दाबून तो सांगायचा, हे रश्श्याला घ्या, ते सुकं करा, याला अर्धा तास जास्त लागेल. सांगायचा तेही असं, की पुढच्याने मान डोलवलीच पाहिजे. एका नव्या मास्तरांनी एकदा विचारलं, "तुम्ही खात नाही, मग तुम्हाला चव काय माहीत?" यावर सुरा न थांबवता तो म्हणाला, "डॉक्टर काय प्रत्येक आजार आधी स्वतः काढून बघतो का, मास्तर?" मास्तर अर्धा किलो घ्यायला आले होते, एक किलो घेऊन गेले.

गिऱ्हाइकांचा त्याच्यावर भारी विश्वास. जो खातच नाही, तो चांगला तुकडा मागे कशाला ठेवेल? चांगला म्हणजे 'आतला'. कण्याला आतून चिकटलेला लोण्यासारखा मऊ पट्टा असतो, अख्ख्या बकऱ्यात दोनच. त्याचं हे नाव या भावांच्या घरातलं, पण आता सगळा बाजार तेच म्हणे. दुसऱ्या दुकानांत आतला कधी दिसायचाच नाही. इथे पहिला येईल त्याला मिळायचा. पालकाला याचा अभिमान होता, आणि तो लपवायची त्याला काही गरज वाटत नव्हती.

हे सगळं सुरू झालं एका दुपारी. तेव्हा दोघा भावांची चूल एक होती. धाकट्याचं लग्न होऊन महिनाही झाला नव्हता. सगळे जेवायला बसले होते आणि दादा, म्हणजे तराजूवर बसणारा थोरला, सहज बोलल्यासारखा बोलला, "दुकानातला आतला रोज कुठे गायब होतो, ते जरा याच्या पोटाला विचारा."

धाकटा भरल्या ताटावरून उठला. कानशिलं तापलेली, समोर नवी बायको घास हातात धरून बघतेय. "यापुढे मटणाला तोंड लावलं, तर मी तुझा भाऊ नाही!" एवढं बोलून तो निघून गेला. चुली वेगळ्या झाल्या. दुकान एकच राहिलं, कारण एकाला वजन जमायचं आणि दुसऱ्याला सुरा. दोघांचं बोलणं कामापुरतं उरलं. पहिलं वर्ष फार जड गेलं. कलेजी कापताना तोंडाला पाणी सुटायचं, तेव्हा हा लवंग चघळायचा. पुढे सवय झाली. सवयीतून नाव झालं आणि नावातून पत वाढली.

फक्त एक भानगड होती. दादा बोलला होता ते खरं होतं.

त्या दुपारपर्यंत रोज सकाळी दादा यायच्या आधी, दुकानाच्या मागच्या खोलीत, चहाच्या स्टोव्हवर, त्याच चहाच्या पातेल्यात हा आतला भाजून खायचा. नुसतं मीठ लावून, उभ्या उभ्याच. खोटा आळ आला असता तर कदाचित हसून सोडून दिला असता. खरा होता म्हणून इतका झोंबला. हे त्याने बायकोलाही कधी सांगितलं नाही. आणि गेल्या काही वर्षांत, लोक त्याच्या सचोटीचे गोडवे गाऊ लागले की तो मान खाली घालून हाडं फोडत बसायचा.

यंदा दादाचे गुडघे पार गेले. त्याने ठरवलं, बायकोला घेऊन दुसऱ्या गावी मुलीकडे राहायला जायचं. दुकान धाकट्याचं. जायच्या आदल्या रविवारी, दुकान बंद करताना तो म्हणाला, "दुपारी जेवायला ये. बायकोलाही आण. मी रांधतोय."

दादाच्या घरात बांधलेली खोकी होती, भिंतींवर उतरवलेल्या तसबिरींचे चौकोन होते. चौघं जेवायला बसली. वहिनींनी याच्या ताटात भात आणि घेवड्याची भाजी वाढली. त्यावर दादाने हात लांब करून मटणाची वाटी ठेवली.

"खा," दादा म्हणाला. "त्या दिवशी मी तुला ताटावरून उठवलं. चुकलं माझं, माफ कर. तू हे खाल्लंस की मी सुखाने जाईन."

पालकाने वाटी थोडी दूर सरकवली. गप्प बसून दोन घास खाल्ले असते तरी सगळं सुरळीत झालं असतं. दादा निवांत गेला असता, याचं नाव कायमचं स्वच्छ राहिलं असतं. पण आपल्या थोरल्या भावाने, वाकत नाहीत ते गुडघे वाकवून समोर बसावं आणि न केलेल्या गुन्ह्याची माफी मागावी, हे त्याला सहन होईना.

"दादा, माफी नको मागू," तो म्हणाला. "तू खरं बोलला होतास. आतला मीच खायचो. मागच्या खोलीत. रोज."

वहिनींच्या हातातला डाव तसाच राहिला. त्याची बायको म्हणाली, "अगं बाई! आणि मी जगभर सांगत फिरले, माझा नवरा किती सरळ!"

दादा मात्र शांतपणे भात कालवत होता. "माहीत आहे," तो म्हणाला.

"माहीत आहे?"

"अरे, त्याच पातेल्यात माझा चहा व्हायचा. रोज चहावर चरबी तरंगायची. मी काय आंधळा होतो?"

"मग माफी कसली मागतोयस?"

दादाने कालवलेला घास ताटात ठेवला. "तुकड्याची नाही मागत. तुकडा काय, खाल्लास तर खाल्लास, दुकान तुझंही होतं. दुकानातच तुला बाजूला घेऊन चार शिव्या घालायच्या, ते सोडून मी नव्या नवरीसमोर तुझी अब्रू काढली. आणि मग तू घेवडा नि पालेभाजी खाताना एकोणीस वर्षं नुसता बघत राहिलो. 'पुरे आता, ये जेवायला' एवढं माझ्या तोंडून निघालं नाही. त्याची मागतोय."

यावर पालकाला रडू आलं. चांगलं मोठ्याने आलं, आणि त्याने ते आवरलंही नाही. मग नाक पुसलं, वाटी ओढली आणि एक तुकडा तोंडात टाकला. चावला. आणखी चावला. त्याच्या कपाळावर आठी पडली.

"दादा, ही मान आहे."

"मानच आहे."

"एकोणीस वर्षांनी तोंड लावतोय, आणि तू मला मानेचं मटण वाढतोस?"

"आतला सकाळीच गिऱ्हाइकाला दिला," दादा म्हणाला. "चोराला कुणी आतला वाढतं का?"

वहिनी हसता हसता भिंतीला टेकल्या. पालक हसत होता, रडत होता आणि चावतही होता, कारण मान भलतीच चिवट होती. त्याने वाटी संपवली, हाड चोखून ताटाच्या कडेला ठेवलं आणि वाटी पुढे केली.

"वहिनी, वाढा अजून."

दादाने बायकोच्या हातातला डाव काढून घेतला आणि स्वतःच वाढलं.