बिनओळखीची मावशी

शिलाई मशीनच्या त्या दुकानात तिला सगळे 'पत्रवाली' म्हणत. नऊ वर्षांपूर्वी ती सुया-बॉबिनच्या काउंटरवर लागली. गिऱ्हाइकांना तेच तेच समजावून घसा बसला, तेव्हा एक दिवस मालकांना म्हणाली, "हे मी एकदाच लिहिते आणि सगळ्यांना ईमेल करून टाकते." तेव्हापासून दर मंगळवारी आठ हजार लोकांना तिचं पत्र जाई. मशीनला तेल कुठे घालायचं, दोरा सारखा का तुटतो, आणि शेवटी हळूच, कात्र्यांवर सवलत. लोक वाचत, उत्तरंही लिहीत. एकीने तर मोडक्या सुईचा फोटो पाठवून विचारलं होतं, 'हिचं काय चुकलं?'

आठ हजारांत तीन-चार जण पत्राला 'स्पॅम' ठरवून तक्रार करत. ते चालायचंच, देवालाही नावं ठेवणारे असतात. पण या मंगळवारी तक्रारी आल्या एकसष्ट! ज्या कंपनीमार्फत पत्रं जात, तिचा लगोलग इशारा आला: पुढच्या पत्रालाही हेच झालं तर खातं बंद. म्हणजे नऊ वर्षांचं पत्र तर जाणारच, शिवाय 'तुमची मशीन दुरुस्त झाली, घेऊन जा' हे निरोपही त्याच खात्यातून जायचे.

मालकांनी चष्मा कपाळावर चढवला. "पत्रवालीबाई, एवढं काय लिहिलंत लोकांना लागण्यासारखं?"

"बॉबिनची डबी कशी साफ करायची ते लिहिलं, मालक. त्यात कुणाला काय लागणार?"

"मग एकसष्ट माणसं वेडी आहेत का?"

"ती नाहीत. मी होईन आता."

तिने जुनी गिऱ्हाइकं वेगळी काढली, नवी वेगळी. तक्रारी दोन्हीकडे सारख्याच. यादीत कुणी परस्पर भलतेच पत्ते घुसवलेत का, तेही पाहिलं. नव्हते. मजकुराचा सूर तोच, पाठवायची वेळ तीच. स्वतःच्या फोनवर तिने ते पत्र दहादा उघडलं. वर नाव 'दुकान', खाली बॉबिन. खोट काढायची तरी कुठे?

त्यात मालकांचे जावई, मार्केटिंगचा तीन दिवसांचा वर्ग नुकताच करून आलेले, बाजूच्या फिरत्या खुर्चीत गोल गोल फिरत होते. "पत्रात जरा भावना घाला हो. लोकांना आपुलकी हवी असते."

"जावईबापू, आधी पाय जमिनीला टेकवा. मला गरगरतंय."

संध्याकाळी ती घरी आली तेव्हा सासूबाई मटार सोलत बसल्या होत्या. "काय गं, तोंड असं का एरंडेल प्यायल्यासारखं?"

"लोकांनी माझ्या पत्राची तक्रार केलीय, आई. एकसष्ट जणांनी."

"तुझ्या पत्राची? कमालच! तुझं या वेळी मला आलंच नाही. उलट कुठल्या तरी 'तुमची लाडकी मावशी'चं आलं. माझ्या आईला बहीणच नव्हती, ही मावशी कुठून उगवली? दिलं स्पॅममध्ये ढकलून."

"आत काय लिहिलं होतं?"

"वाचतंय कोण? काहीतरी बॉबिनचं."

पत्रवालीने सोलायला घेतलेली शेंग हातातून निसटून टेबलाखाली गेली. तिच्या फोनमध्ये तो पत्ता 'दुकान' म्हणून साठवलेला, म्हणून तिला कायम 'दुकान'च दिसायचं. बाकी साऱ्या जगाला दिसत होती मावशी!

"अहो आई, पण खाली 'पत्रं थांबवा' असं लिहिलेलं असतं ना? ते दाबायचं!"

"अनोळखी पत्रातलं काहीही दाबू नका, असं मला कुणी बजावलं होतं? तूच ना?"

पत्रवालीने कपाळावर हात मारून घेतला.

सकाळी ती दुकानात शिरली ती थेट फिरत्या खुर्चीसमोर. "पाठवणाऱ्याचं नाव कुणी बदललं?"

"मी! सोमवारी," जावईबापू खुलले. "माय मरो, मावशी उरो, म्हणतात ना? मावशीइतकं जवळचं कोण असतं?"

"ज्याची मावशी त्याला जवळची! लोकांनी पत्ता दिला तो दुकानाला. ओळख ना पाळख, अशी बाई दारात येऊन गळ्यात पडली, तर मालक, तुम्ही तरी दार उघडाल का?"

मालकांनी जावयाकडे एक लांब नजर टाकली. "काहींना उघडावंच लागतं, बाई."

तिने नाव पूर्ववत केलं, पासवर्ड बदलला आणि तो कुणालाही सांगितला नाही. पुढच्या मंगळवारच्या पत्राची पहिली ओळ होती: 'गेल्या आठवड्यात आलेली मावशी आमचीच होती. माफ करा, ती परत येणार नाही.' मग नेहमीचं, सुईचे नंबर. संध्याकाळपर्यंत ती आकड्याकडे बघत बसली. तक्रारी पाच. खातं वाचलं.

"मग आता 'काकू' ठेवून बघायचं का?" जावईबापूंनी विचारलं. मालकांनी ती खुर्ची उचलून आत नेली.

तक्रार करणाऱ्याला मात्र पुन्हा पत्र जात नाही, तसा नियमच आहे. म्हणजे सासूबाईही यादीतून गेल्या. त्या रुसल्या, तेव्हा पत्रवालीने फोन काढला. "मीच वाचून दाखवते. ऐका."

"थांब," सासूबाई म्हणाल्या. "आधी कुणाकडून आलंय ते सांग."