चिंध्यांच्या विटा आणि धरणगावचे आबा

आमच्या कारखान्यात चिंध्या आणि रद्दी साचत नाही, तेवढे किस्से साचतात. जळगावात जुने कपडे, रद्दी घ्यायची, लगदा करायचा, थोडं सिमेंट घालून विटा पाडायच्या, हे आमचं काम. माल चांगला, पण गिऱ्हाईक मिळेना! "एक खोली उभी राहू द्या, मग बघा," आमचे मालक प्रकाशशेठ वर्षभर म्हणत होते. नाही राहिली तर कारखान्याला कुलूप, हे आम्हालाही ठाऊक होतं.

*

रद्दीत लग्नपत्रिका फार. निवडणीवरच्या सुमनअक्का प्रत्येक पत्रिकेवरचा गणपती कातरीनं कापून बाजूला ठेवतात.

शेठ वैतागले, "अक्का, मशीन रिकामं चाललंय!"

"मग तुम्ही टाका बाप्पाला आत. मी बटन दाबते."

शेठनी त्याच दिवशी दुसरी कातर आणली.

*

धुळ्याच्या प्रदर्शनात एका बाईंनी वीट उचलली. "अगं बाई, किती हलकी! केवढ्याला?"

भाव ऐकून म्हणाल्या, "एवढी हलकी आहे, तर किलोवर द्या ना!"

*

धरणगावच्या आबांना शेतात खोली बांधायची होती. त्यांनी नमुन्याची वीट नेली आणि गुरांच्या हौदात आठ दिवस बुडवून ठेवली. शेठनी नवव्या दिवशी सकाळीच फोन केला.

"वीट साबूत शे," आबा म्हणाले. "पन म्हैस त्या हौदाले तोंड लावत नही!"

*

तरीही आबा तयार झाले. ऑर्डर द्यायला न कळवता पिंप्राळ्याला शेठच्या घरी गेले. तिथे वरच्या मजल्याचं काम सुरू, आणि ट्रकमधून उतरत होत्या भट्टीच्या लाल विटा!

शेठचा चेहरा उतरला. आबा शांतपणे म्हणाले, "तुमच्या घराले ज्या, त्याच माले द्या." आणि चालते झाले.

शेठनी तासाभरात ट्रक परत पाठवला. शेठच्या पत्नी, आमच्या भाभी, कडाडल्या, "म्हणजे पावसाळ्यात मी भिंती पिळत बसू?"

*

मजला आमच्याच विटांनी उभा राहिला. वास्तुशांतीला आबांना खास बोलावणं. एक भिंत शेठनी मुद्दाम बिनप्लास्टरची ठेवली होती.

आबा दालबाटी पोटभर जेवले. मग पाण्याचा तांब्या मागितला, उठले आणि सगळं पाणी त्या भिंतीवर ओतलं!

भाभींच्या हातातलं ताट तसंच राहिलं. आबा भिंतीवर तळवा टेकवून उभे. पंगतीत कुणी घास उचलेना. शेठकडे तर बघवत नव्हतं.

बऱ्याच वेळानं आबा म्हणाले, "आणखी एक तांब्या आना."

शेठनी स्वतः आणून दिला.

आबा तो घटाघटा प्याले.