काही म्हणजे कोण

त्या शनिवारी मी अण्णांशी भांडायचं ठरवूनच अंथरुणातून उठले.

नदीत पुन्हा मेलेले मासे वर आले होते. नदीसाठी झटणाऱ्या आमच्या गटानं पत्रक काढायचं ठरवलं आणि मजकूर माझ्यावर सोपवला. दोन दिवस खपून मी तो लिहिला आणि शुक्रवारी संध्याकाळी प्रूफ अण्णांना दिलं. अण्णा म्हणजे माझे वडील. पायानं चालवायच्या ट्रेडल यंत्राच्या छापखान्यात त्यांनी जन्मभर खिळे जुळवले. खिळा म्हणजे शिशात ओतलेलं एकेक अक्षर. त्यांच्या नजरेतून साधी वेलांटीही सुटत नाही. सकाळी प्रूफ टेबलावर होतं. एकही चूक काढलेली नव्हती. फक्त एका शब्दाभोवती पेन्सिलीचा गोल होता आणि शेजारी समासात लिहिलं होतं: कोण?

शब्द होता ‘काही’. वाक्य होतं, ‘काही घटकांच्या बेजबाबदारपणामुळे आपली नदी मरते आहे.’

अण्णा परड्यात होते. रविवारी त्यांना चंदगडकडच्या एका तलावावर मासे धरायला जायचं होतं. सोबत त्यांचे जुने दोस्त, एसटीचे रिटायर ड्रायव्हर. मी त्यांना मामा म्हणते. दोघांनी पोत्यावर सगळा संसार मांडला होता. तीन काठ्या, दोन रिळं, गळांची डबी. अण्णा तंगूस बोटांतून सरकवत होते. ती नायलॉनची दोरी कुठं खरखरीत लागली की तेवढा तुकडा कापून टाकायचा. मग एकेक गळ अंगठ्याच्या नखावर ओढून बघायचा. टोक नखात रुतलं तर ठेवायचा, घसरलं तर कानशीवर घासायचा. मामा काठ्यांच्या शेंड्यांना घुंगरू बांधत होते, म्हणजे मासा लागला की झोपेतसुद्धा कळतं.

मी प्रूफ त्यांच्यासमोर धरलं. “ह्याचा अर्थ काय?”

“मराठीत लिवलंय की. कोण, म्हून इचारलंय.”

“सगळ्यांना माहीत आहे कोण ते.”

“मग लिव की.”

“केस घालतील. वकिलांनी सांगितलंय, नाव नको. गटाचा निर्णय झालाय.”

“वकील हुशार हाय,” मामा घुंगराकडे बघतच म्हणाले. “माशास्नी पण एक दिला असता तर जगली असती बिचारी.”

मला हसू आलं नाही. माझं डोकं फिरलं होतं. हे दोघं पूर्वी सायकलवरून वीस मिनिटांत पंचगंगेवर गळ टाकायला जायचे. पाण्याला वास मारायला लागला, तेव्हा त्यांनी नदी सोडली आणि चार तासांचा एसटीचा प्रवास पत्करला. भांडले नाहीत, नुसती जागा बदलली. आणि मी, जी अजून तिथं उभी आहे, तिच्या शब्दाला गोल! हे मी जसंच्या तसं बोलले.

अण्णांनी हातातला गळ डबीत टाकला. त्यांनी स्टोव्ह पेटवला, वर लोखंडी पळी ठेवली आणि एक जुना डबा तिच्यात ओतला. खळखळ आवाज झाला. आवाज ओळखीचा होता.

खिळे होते. अण्णांचे खिळे.

“अण्णा, काय करताय हे?”

“शिसं संपलंय. वजन न्हाई लावलं तर गळ तळाला जाईल व्हय?”

शेजारी भाजकी वीट होती. तिच्यात त्यांनी शेंगदाण्याएवढे खळगे कोरले होते आणि प्रत्येकात तारेचं कडं ठेवलं होतं. वितळलेलं शिसं त्यात ओतायचं, की वजन तयार. पळीत अक्षरं आधी तशीच पडून राहिली. मग कडा मऊ झाल्या, ‘ळ’चं पोट खचलं आणि सगळं करड्या सायीखाली गेलं.

याच खिळ्यांवर मी अक्षरं शिकले, तीही उलटी. शाळेत जायच्या आधी मी आरशातलं मराठी वाचत होते. खराब छापलेल्या पत्रकांच्या गठ्ठ्यावर दुपारी झोपत होते. मोर्चा असो, सभा असो, पाण्याची टंचाई असो, शहराचा अर्धा राग ह्या खिळ्यांतून बाहेर पडला होता. छापखाना बंद झाला तेव्हा अण्णांनी मालकाकडून आठवण म्हणून एवढेच मागून घेतले होते. आणि आता त्यांची वजनं!

मी ओरडले. काय काय बोलले ते लिहिण्यासारखं नाही. आई स्वयंपाकघरातून म्हणाली, “शेजारची माणसं बघायला लागली, जरा हळू.” मी आणखी मोठ्यानं ओरडले.

अण्णांनी दुसरा डबा उचलला. त्यातून एक ठोकळा निघाला. जुळवलेलं अख्खं पान, चारी बाजूंनी दोऱ्यानं आवळून बांधलेलं. ते पळीकडे न्यायला लागले, तेव्हा मी तो ठोकळा हिसकावून घेतला.

मथळा होता, ‘नदीच्या पोटात विष’. हे पत्रक मला तोंडपाठ आहे. सात वर्षांची असताना मी ते घाटावर उभं राहून वाटलं होतं. लोकांनी त्यात भडंग घेतलं, कुणी पायरीवर अंथरून त्यावर बसलं, आणि मी मात्र ते शाळेत जोरजोरात म्हणून दाखवलं होतं. माझ्या बापानं जुळवलेलं पत्रक. मी लेखक झाले ती ह्या एका कागदामुळे, असं मी आजवर सांगत आले.

मी उलटी अक्षरं वाचत गेले. तिसऱ्या ओळीत अडखळले. मला पाठ होतं, ‘काही घटकांनी’. इथं ‘काही’ नव्हतं. इथं एका कारखान्याचं नाव होतं. तेच नाव, जे ह्या आठवड्यात आमच्या गटातल्या एकानंही मोठ्यानं उच्चारलं नव्हतं.

“हे छापलं नाही?”

अण्णा गळाला तंगूस गुंडाळत राहिले. सांगितलं मामांनी. पत्रक काढणारी मंडळी छापखान्यात आली आणि म्हणाली, नाव काढा, बाकी सगळं राहू दे. अण्णा म्हणाले, काढायचं असेल तर तुमच्या हातानं काढा. “त्यांस्नी उलटं कुठं वाचाय येतंय? इकडं बोट लाव, तिकडं बोट लाव. शेवटाला दुसऱ्या छापखान्यात गेली.”

म्हणजे मी वाटलेलं पत्रक अण्णांचं नव्हतंच.

“मला का नाही सांगितलंत?” मी अण्णांना विचारलं.

“दिसभर उन्हात उभी राहून वाटून आलतीस. तोंड लालभडक. काय सांगू?”

“दुसऱ्या दिवशी सांगायचं!”

“दुसऱ्या दिवशी बी वाटाय गेलतीस.”

मामा हसले. मी नाही हसले. “मी लिहायला त्याच्यावरून शिकले, अण्णा. ‘काही’ हा शब्द मी तुमचा समजून उचलला.”

“म्हून तर गोल केला.”

“गोल करून काय होतंय? तुम्ही नाव काढलं नाही, बरोबर. पण छापलं कुठं? दोरा बांधून डब्यात ठेवलंत आणि गेलात तलावावर. नाव डब्यात आणि तुम्ही चंदगडात. त्यांच्यात आणि तुमच्यात फरक काय राहिला?”

अण्णांचे हात थांबले.

“न्हाई ऱ्हायला,” ते म्हणाले. “ते चुकलंच माझं.”

माझा राग तेवढ्यानं गेला नाही. पण तो राग घेऊन मला आता स्वतःकडे बघावं लागलं. माझं पत्रक दुपारी छपाईला जाणार होतं, ‘काही’सकट. मी गटातल्या पुढाऱ्याला तिथूनच फोन लावला. नाव घालायचं म्हणाले. तो म्हणाला, “वेडी झालीस काय? आहे तसंच जाणार. तुझ्या वाटणीचा गठ्ठा ने आणि तुला काय करायचं ते कर. निस्तरायचं तू.” मी म्हटलं, निस्तरते.

अण्णा ऐकत होते. त्यांनी माझ्या हातातून ठोकळा घेतला, दोरा सोडला आणि चिमट्यानं तेवढं एक नाव ओळीतून उचललं. खिळे शेजारी शेजारी दाबून धरले आणि तंगुसानं गळ बांधतात तसेच बांधले. सात वेढे, थुंकी लावून ओली केलेली गाठ, दातात धरून ओढलेली. तळहातात मावेल एवढा शिक्का तयार झाला.

“आता ह्यो गळ कुणाला लागतोय बघू,” मामा म्हणाले.

“बाकीचं पान?” अण्णांनी विचारलं.

“वितळवा. परत डब्यात ठेवायचं नाही.”

दुपारी गठ्ठा आला. स्वयंपाकघरात बसून मी प्रत्येक कागदावर ‘काही घटकांच्या’वर पेनानं काट मारली आणि वर शिक्का उमटवला. खाली माझं नाव लिहिलं. “वाकडा येतोय, दाबून मार,” म्हणत आईनं शेवटी शिक्का स्वतःच्या हातात घेतला.

रविवारी पहाटे अण्णा आणि मामा एसटीनं गेले. मी घाटावर गेले. एका माणसानं पत्रक घेतलं, वाचलं आणि शिक्क्यापाशी थांबला. त्याच्या शर्टाच्या खिशावर त्याच कारखान्याचं नाव शिवलेलं होतं.

“हे नाव कुणी घातलंय?”

“मी.”

“आणि तुमचं नाव काय?”

खाली लिहिलेलं होतंच. तरी मी सांगितलं, आडनावासकट.