दातांतली नोट

पंचाहत्तर-ऐंशीच्या काळात मी निपाणीच्या एका बँडमध्ये साइड ड्रम वाजवायचो. लग्नाची सुपारी ठरली की ते पैसे मालकाच्या खिशात जायचे. कपडे, वाद्यं, टेम्पो सगळं त्याचंच. आम्हा वाजवणाऱ्यांचं पोट वरातीतल्या ओवाळणीवर चालायचं. नवऱ्याच्या डोक्यावरून नोट ओवाळायची आणि वाजवणाऱ्याला द्यायची, असा रिवाज. एवढ्यावर भागलं असतं तर मी कशाला कुरकुर केली असती?

पण पाहुण्यांना नुसतं देण्यात मजा वाटायची नाही. ते नोट स्वतःच्या दातांत धरायचे, आणि ड्रमवाल्यानं वाजवणं न थांबवता ती तोंडानं ओढून घ्यायची. आपले दोन्ही हात काड्यांत अडकलेले, समोर दारूचा आणि तंबाखूचा भपकारा. मी पाच-सहा वर्षं अशा ओल्या नोटा ओढल्या.

संकेश्वरच्या एका लग्नात भर दुपारी नवऱ्याचा मामा असाच नाचत समोर आला. पानाची लाल लाळ नोटेवरून ओघळत होती. मी मान फिरवली. त्यानं पुन्हा तोंड पुढं आणलं, मी पुन्हा फिरवली. मालक डोळे वटारायला लागला. मग मामा माझ्या शेजारी मोठा ढोल वाजवणाऱ्या आप्पांकडं वळला. आप्पा माझे सख्खे चुलते. माझ्या हातात पहिल्यांदा काड्या त्यांनीच दिलेल्या. साठी उलटलेली, पुढचे दात पडलेले. ते ओठांनी नोट पकडायचे आणि मामा ती मागं ओढायचा. वऱ्हाड पोट धरून हसत होतं. तीन-चारदा असं झाल्यावर त्यानं नोट सोडली. तोवर ढोलाचा एक ठोका चुकला नाही, आणि मीही साथ सोडली नाही. मला त्या मामाची शिसारी आली, हसणाऱ्या बायाबापड्यांचीही आली.

वरात पोचल्यावर मंडपामागं ओवाळणीचे वाटे झाले. आमच्यात सगळ्यांना सारखा वाटा असायचा. आप्पांनी आधी चूळ भरली, मग माझे पैसे घेऊन ते माझ्याकडं आले. मला नको, असं मी खाली बघत पुटपुटलो.

"तोंडानं घेटला न्हाईस, ते बरं केलास," आप्पा म्हणाले. "आता हातानं तरी घे."

मी घेतले. आणि खिशात टाकण्याआधी मोजून बघितले.