न मोजलेलं बाळंतपण

मी बी.कॉम. झालो तो शोभावहिनीमुळे. आई गेल्यावर माझ्या या थोरल्या भावजयीने मला लिंबायतच्या कामगार वस्तीतल्या एका खोलीत वाढवलं. साड्यांना लेस लावता लावता ती माझं पाठांतर ऐकायची.

१९९४ सालच्या प्लेगच्या साथीनंतर, पुढच्या वर्षी ती स्टोव्हपाशी कोसळली. दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, "ब्रेन हॅमरेज. मेंदूतली रक्तवाहिनी फुटली आहे." तिचं वय चौतीस.

त्याच्या वर्षभर आधी तिचं डोकं दुखायला लागलं होतं. "शिकलेल्या दिराचं काय लोणचं घालू? चल दवाखान्यात," ती मला म्हणाली. तिथे ब्लडप्रेशर जास्त निघालं. बाळंतपणं किती, काही त्रास झाला होता का, असं डॉक्टरीणबाईंनी विचारलं. वहिनीने तोंड उघडलं, तेवढ्यात मीच म्हणालो, "दोन. त्रास काही नाही."

खरं तर तीन. पहिलं माहेरी, अमळनेरजवळ. पाय सुजले, डोळ्यांपुढे अंधारी आली, मग आकडी, आणि मुलगी मेलेलीच जन्मली. तो विषय आमच्या घरात कोणी काढत नसे. मला वाटलं, मी वहिनीला अवघड प्रश्नातून सोडवलं.

महिन्याभरात डोकं दुखायचं थांबलं, तशा दवाखान्यातून दिलेल्या ब्लडप्रेशरच्या गोळ्याही तिने थांबवल्या. मीही पुन्हा आणून दिल्या नाहीत.

वॉर्डात डॉक्टरांनी पुन्हा तेच विचारलं. दादाने खाली मान घालून पहिल्या खेपेचं सांगितलं.

"याला प्रीएक्लॅम्प्सिया म्हणतात," डॉक्टर म्हणाले. "गरोदरपणात ब्लडप्रेशर चढतं, लघवीतून प्रोटीन जातं. आकडी आली की एक्लॅम्प्सिया. बाळंतपण झालं म्हणजे संपलं, असं नसतं. पुढे वर्षानुवर्षं ब्लडप्रेशर मोजावं लागतं, रक्तवाहिन्या जपाव्या लागतात. आधी कळलं असतं, तर गोळ्या सोडू दिल्या नसत्या."

तीन आठवडे आम्ही दवाखान्याच्या बाकावर काढले. जीव वाचला, त्या डॉक्टरांचे उपकार मी विसरणार नाही. पण तिची उजवी बाजू गेली आणि बोलणं जवळजवळ गेलं. दादाने तिला गावी नेलं.

तुमच्या घरात अशी बाई असेल, तर दवाखान्यात बाळंतपणं सांगताना गेलेलं मूलही मोजा.

मी वहिनीला लिहिलेलं पत्र असं:

"तीर्थस्वरूप वहिनीस साष्टांग नमस्कार. तू डाव्या हाताने भाकरी मोडतेस, असं दादाने कळवलं. बरं वाटलं. हे पत्र तुझी लेक रेखा तुला वाचून दाखवेल, म्हणून पुढचं तुला न विचारता तिलाच लिहितो. रेखा, तुला एक थोरली बहीण होती. तिच्या वेळी तुझ्या आईला काय झालं, ते तुलाही ठाऊक हवं. आता पत्र बाजूला ठेव आणि आईजवळ बस. तिला काही सांगायचं असेल. वेळ लागेल. मध्ये बोलू नकोस."